चूक, खोटेपणा आणि गुन्हा यांचे इंग्रजी शब्द : ठाणे-नवी मुंबईच्या मराठीतील वापर

एरर, मिस्टेक, फॉल्ट, फ्रॉड, चीटिंग, फोर्जरी, क्राइम हे शब्द ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी माणसाच्या तोंडी दिवसभर असतात. इंग्रजीत त्यांची वाटणी मुख्यतः एका प्रश्नावर होते : करणाऱ्याला खरे काय ते ठाऊक होते का, आणि त्याच्या मनात काय होते? मनात काही नव्हते तर मिस्टेक. ठाऊक असून खोटे सांगितले तर लाय. त्या खोट्याच्या जोरावर दुसऱ्याचे काही लुबाडले तर चीटिंग किंवा फ्रॉड. मराठीत शब्द आले, ही वाटणी मात्र पुष्कळदा मागे राहिली. गप्पांत त्याने काही बिघडत नाही. अर्जात, फिर्यादीत आणि प्रतिज्ञापत्रात बिघडते.

या शब्दांची मुळे पाहिली तर मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाहीत. एरर लॅटिनमधल्या ‘भटकणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला. संस्कृत ‘भ्रम्’ धातूतून भ्रमण आणि भ्रम दोन्ही निघाले, तीच ही वाट. राँग जुन्या नॉर्स भाषेतला, मूळ अर्थ ‘वाकडा’. दिवाणी कायद्यातला टॉर्ट (भरपाई मागता येईल असे दुसऱ्याचे नुकसान करणारे कृत्य) म्हणजे मुळात ‘पिळलेले’. आपणही ‘वाकडं पाऊल पडलं’ म्हणतोच. ट्रेसपासमध्ये ओलांडणे आहे, आपल्या अतिक्रमणात आहे तसेच. फॉल्स, फॉल्ट आणि फेल ही एकाच लॅटिन क्रियापदाची लेकरे. त्याचा अर्थ फसवणे.

लाय, सिन, गिल्ट हे इंग्रजीचे घरचे शब्द. क्राइम, फ्रॉड, फोर्जरी (बनावट कागद करणे), पर्जरी (खोटी साक्ष) हे इंग्लंडवरच्या 1066 च्या नॉर्मन विजयानंतर राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून कचेरीत शिरले. मराठीतही पाप आणि अपराध संस्कृतातले, तर गुन्हा, कसूर, दगा, फिर्याद हे फारसी दरबाराच्या वाटेने आलेले. कोर्टाची भाषा राज्य करणाऱ्यांची, हे दोन्हीकडे सारखेच घडले. चीट या शब्दाची कथा तर खास सांगण्यासारखी आहे. बेवारस मालमत्ता सरकारजमा होण्याला इंग्रजीत एस्चीट म्हणतात. ती वसूल करणारे अधिकारी इतके बदनाम झाले की त्यांच्या कामाच्या नावातूनच लबाडीचा शब्द तयार झाला.

ठाण्यात हे शब्द वेगवेगळ्या दारांनी आले. वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये एरर हा दोष देण्याचा शब्दच नव्हे. आयटीआयमधून आलेला पोरगा व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे उपकरण, हातात घेतो, आधी जबडे पूर्ण मिटवतो आणि दोन्ही शून्ये जुळतात का ते पाहतो. व्हर्नियरचे शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या उजवीकडे गेले असेल तर ‘झिरो एरर प्लस’. तेवढे मापातून वजा करायचे. डावीकडे असेल तर मिळवायचे. इथे कोणी कोणाला रागावत नाही. एरर मोजता येतो, लिहून ठेवता येतो आणि हिशेबात धरता येतो. तो न पाहता जॉब (घडवायचा तुकडा) मशीनवर चढवला तर मात्र ती मिस्टेक, आणि ती कोणाची हे सुपरवायझर विचारतोच. शब्दाचा इतका नेमका वापर फार थोड्या ठिकाणी आढळतो.

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत त्याची जागा बगने, म्हणजे शब्दशः ‘किड्या’ने, घेतली. 1947 मध्ये हार्वर्डच्या मार्क-2 संगणकाच्या रिलेत (विजेवर चालणाऱ्या खटक्यात) पतंग हा किडा सापडला, ती नोंद प्रसिद्ध आहे. पण यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची रीत त्याहून जुनी. एडिसनच्या 1878 च्या पत्रातही ती दिसते.

वाशीच्या बाजारातल्या छापील बिलांच्या तळाशी ‘ई. अँड ओ. ई.’ अशी अक्षरे असतात. एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड, म्हणजे आकडेमोडीत काही चुकले वा सुटले असेल तर ते दुरुस्त करण्याचा हक्क राखून. आपल्या जुन्या ‘चूकभूल द्यावी घ्यावी’चे काम तेच. पण मराठी वाक्यात देणे आणि घेणे दोन्ही बाजूंनी आहे, इंग्रजी अक्षरे बिल देणाऱ्याच्या बाजूने बोलतात. मुद्दाम लावलेल्या जादा भावाला यांपैकी कशाचेच संरक्षण नाही.

शाळकरी मुलांच्या घरी ‘सिली मिस्टेक’ हा परवलीचा शब्द : ‘गणित येत होतं गं आई, सिली मिस्टेक झाली.’ भाषाशिक्षणाच्या अभ्यासात पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलेला फरक इथे उपयोगी आहे. दाखवून दिल्यावर स्वतःला सुधारता येते ती मिस्टेक. मुळात नियमच कळलेला नसेल तर तो एरर. तीच सिली मिस्टेक प्रत्येक चाचणीत होत असेल तर ती सिली नाही, तिथे काही शिकवायचे राहिले आहे.

शब्दांची खरी किंमत कळते ती ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर. कोणत्याही दाखल्यासाठी द्यायच्या स्वयंघोषणापत्रात ‘माझ्या माहिती व समजुतीनुसार खरी आहे’ असे एक वाक्य असते. बहुतेक जण ते न वाचता सही करतात. पण मिस्टेक आणि लाय यांच्यातली भिंत तिथेच उभी आहे. खोटी साक्ष कायद्याने ठरते ती विधान चुकीचे निघाले एवढ्यावरून नाही. सांगणाऱ्याला ते खोटे असल्याचे ठाऊक होते, तसे वाटत होते किंवा ते खरे असल्याचा त्याचा विश्वास नव्हता, हे दाखवावे लागते. भारतीय दंड संहितेत हे कलम 191 होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते 227 आहे. वस्तुस्थितीबद्दलच्या गैरसमजाला कायदा काही ठिकाणी माफी देतो. कायदाच माहीत नव्हता, ही सबब चालत नाही.

चीटिंगचे जुने कलम 420, त्यावरून ‘चारसोबीस’. आता ते 318(4) झाले, शिक्षेची कमाल मर्यादा सात वर्षेच राहिली. बोलण्यातला चारसोबीस काही हटायचा नाही. घोडबंदर रोडला घर बुक केलेली माणसे ताबा लांबला की ‘बिल्डरने फ्रॉड केला’ म्हणतात, आणि त्यांचा संताप रास्त असतो. भाडे आणि हप्ता दोन्ही भरणाऱ्याने शब्द तोलून वापरावेत ही अपेक्षा अवघड आहे. पण चीटिंग सिद्ध व्हायला वचन देतानाच मनात बेइमानी होती हे दाखवावे लागते. नुसता उशीर हा डिफॉल्ट, म्हणजे दिलेला शब्द न पाळणे. त्यासाठी 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याचे कलम 18 आहे. त्यानुसार पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येते. जाहिरातीत खोटे विधान केले असेल तर कलम 12. चुकीचा शब्द धरून चुकीच्या दारात गेलेल्याची वर्षे फुकट जातात.

व्याकरणात हे शब्द पक्के मराठी झाले आहेत. मिस्टेक ‘चूक’च्या वळणाने स्त्रीलिंगी, फॉल्ट आणि फ्रॉड पुल्लिंगी. ‘तो माणूस फ्रॉड आहे’ असे विशेषणही होते. ‘मिस्टेक केली’पेक्षा ‘मिस्टेक झाली’ जास्त ऐकू येते. कर्ता अलगद बाजूला सरतो. ‘झाला’ हे क्रियापद फ्रॉडलाही लागते, पण तिथे बोलणारा सहसा बळी असतो : ‘माझ्यासोबत फ्रॉड झाला.’

ऑनलाइन पैसे गेलेल्यांच्या तक्रारीत हा भेद फार जड जातो. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकाने हलगर्जीपणे ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. घाबरलेला माणूस अर्जात ‘माझ्याकडून मिस्टेक झाली’ असे सवयीने लिहितो, आणि ओटीपी दिलाच नसला तरी स्वतःवर दोष ओढवून घेतो. 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करताना आणि बँकेला लिहिताना घडले ते वेळेसह क्रमाने सांगावे : कोणाचा फोन आला, काय विचारले, आपण काय दिले आणि काय दिले नाही.