बायोसमधल्या एका ओळीमागची चाळीस वर्षं

नवा सर्व्हर रॅकमध्ये बसवून पॉवर दिली की मी आधी बायोसमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, शिरतो. मेमरी पूर्ण दिसतेय ना, डिस्क सगळ्या आल्यात ना हे बघतो आणि प्रोसेसरच्या पानावर एक ओळ शोधतो : व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी. ती डिसेबल्ड असेल तर एनेबल करायची आणि सेव्ह करून रीस्टार्ट. अर्ध्या मिनिटाचं काम, पण विसरलं तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, सुरू करताना एरर येते आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. टीममध्ये नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, ही ओळ मुळात आहेच कशाला? प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर १९६० च्या दशकापासून सुरू होतं.

तेव्हा संगणक एक आणि वापरणारे अनेक, अशी परिस्थिती होती. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने त्यावर वेगळाच तोडगा काढला. एकाच ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सगळ्यांना दाटीवाटीने बसवण्याऐवजी प्रत्येकाला अख्खा संगणकच मिळाल्याचा भास द्यायचा. सीपी-४० या त्यांच्या सिस्टीमवर एका वेळी १४ व्हर्च्युअल मशीन चालायची. १९६७ मध्ये ती रोजच्या वापरात आली. त्यानंतर सीपी-६७ आलं आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० हे अधिकृत उत्पादन म्हणून जाहीर झालं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला तेव्हा सुपरव्हायझर म्हणत. त्याच्याही वर बसणारा म्हणून हायपरव्हायझर. आज आपण सर्रास वापरतो तो शब्द त्याच काळातला.

यामागची युक्ती साधी आहे. गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या, ऑपरेटिंग सिस्टीमला कमी अधिकारात चालवायचं. तिने अधिकाराबाहेरची सूचना दिली की प्रोसेसर तिथेच थांबतो आणि ताबा हायपरव्हायझरकडे देतो. याला ट्रॅप म्हणतात. हायपरव्हायझर ते काम गेस्टच्या वतीने, तिच्या हद्दीपुरतं करतो आणि तिला पुढे जाऊ देतो. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी याचा काटेकोर नियमच मांडला : मशीनची अवस्था बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक सूचना ट्रॅप झालीच पाहिजे. एकही निसटता कामा नये.

आपल्या टेबलावर आणि रॅकमध्ये आलेल्या एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडी घराण्याच्या, प्रोसेसरमध्ये मात्र अशा १७ सूचना निसटत होत्या. त्यातली पॉपएफ मला सगळ्यात बोलकी वाटते. गेस्टचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणतो, इंटरप्ट, म्हणजे उपकरणांकडून मध्येच येणारे इशारे, बंद करा. त्याला अधिकार नसतो, म्हणून प्रोसेसर ते करत नाही. पण एररही देत नाही, ट्रॅपही होत नाही. नुसता गप्प बसतो. गेस्ट समजतो की इंटरप्ट बंद आहेत, आणि हायपरव्हायझरला काही घडल्याचा पत्ताच नसतो. अशा पायावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम उभी कशी करणार? आयबीएमच्या त्या मोठ्या संगणकांवर, म्हणजे मेनफ्रेमवर, जे १९७२ मध्ये मिळत होतं, ते एक्स८६ वर पुढची पंचवीसेक वर्षं धड जमलं नाही, त्याचं मोठं तांत्रिक कारण हा गप्पपणा.

या खोळंब्याची किंमत मी स्वतः पाहिली आहे. सुरुवातीला मी ज्या सर्व्हर रूममध्ये काम केलं, तिथे एका कामाला एक मशीन असा शिरस्ता होता. मेलचं वेगळं, प्रिंटचं वेगळं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं वेगळं, कारण दोन सॉफ्टवेअरना एकाच लायब्ररीच्या दोन व्हर्जन लागायच्या आणि एकत्र ठेवली की भांडायची. प्रोसेसरचा वापर दाखवणारी टॉप ही कमांड चालवून पाहिलं की प्रोसेसर नव्वद टक्के रिकामा. एसी, यूपीएस आणि केबलचा गुंता मात्र प्रत्येक मशीनमागे पुरेपूर.

कोंडी फुटली ती सॉफ्टवेअरच्या बाजूने. स्टॅनफर्डमधल्या डिस्को या संशोधनातून पुढे आलेले मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर सुरू केली आणि १९९९ मध्ये वर्कस्टेशन बाजारात आणलं. गेस्टच्या कर्नलचा कोड चालता चालता वाचायचा, अडचणीच्या सूचना सुरक्षित सूचनांमध्ये बदलायच्या आणि बदललेला कोड जपून ठेवायचा, असा तो बायनरी ट्रान्सलेशनचा मार्ग. इंजिनिअरिंग म्हणून मला आजही तो थक्क करतो. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातल्या झेन गटाने २००३ मध्ये उलटी वाट धरली : गेस्टचा कर्नलच बदलायचा, म्हणजे तो अवघड सूचना देण्याऐवजी थेट हायपरव्हायझरला विनंती करेल. हे पॅराव्हर्च्युअलायझेशन वेगवान होतं, पण ज्याचा सोर्स कोड हाताशी नाही अशा विंडोजचं काय, हा प्रश्न उरलाच.

शेवटी दुरुस्ती मुळात झाली. इंटेलने २००५ च्या शेवटी व्हीटी-एक्स आणलं, एएमडीने २००६ मध्ये आपलं तंत्र. प्रोसेसरमध्ये गेस्टसाठी स्वतंत्र मोडच मिळाला; हायपरव्हायझरने सांगून ठेवलेल्या प्रसंगी ताबा आपोआप त्याच्याकडे परत येतो. बायोसमधली ती ओळ म्हणजे हाच मोड. पहिल्या पिढीत वेग फारसा वाढला नाही. मेमरीतला कुठला पत्ता कुठे हे सांगणारी पेज टेबलंही हार्डवेअर सांभाळू लागल्यावर खरा फरक पडला. पण हायपरव्हायझर लिहिणं मात्र लगेच सोपं झालं. अवि किविटी यांनी लिहिलेलं केव्हीएम हे हायपरव्हायझर फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० मध्ये आलं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही.

आमच्या कामाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी, की मशीनची फाईल झाली. कॉपी करता येते, हलवता येते, स्नॅपशॉट घेता येतो. या सोयीची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. एका डेटाबेस सर्व्हरच्या अपग्रेडआधी मी स्नॅपशॉट घेतला, अपग्रेड सुरळीत झालं आणि स्नॅपशॉट काढायचा राहून गेला. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ डिस्क गोठते आणि त्यानंतरचं सगळं लिखाण वेगळ्या फाईलमध्ये साचत जातं. तीन महिन्यांनी एका पहाटे स्टोरेज भरलं आणि त्यावरची सगळी मशीन एकापाठोपाठ पॉज झाली. जागा मोकळी करून ती फाईल मूळ डिस्कमध्ये विलीन करायला पूर्ण दिवस गेला. तेव्हापासून स्नॅपशॉटच्या नावातच काढायची तारीख लिहितो.

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतलं, डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली आणि केव्हीएमकडे जायची चर्चा अनेक ठिकाणी सुरू झाली. असं स्थलांतर करताना जुना इतिहास पुन्हा समोर येतो. केव्हीएमवर आणलेलं माझं पहिलं विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकलं : बूट डिस्क सापडत नाही. कारण डिस्क व्हर्टिओवर जोडली होती आणि विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर नव्हता. व्हर्टिओ म्हणजे पॅराव्हर्च्युअलायझेशनचीच कल्पना, कर्नलऐवजी ड्रायव्हरपुरती. आपण व्हर्च्युअल आहोत हे गेस्टला ठाऊक असतं आणि तो खऱ्या कंट्रोलरचं सोंग मागत नाही. मूळ डिस्क साटा या विंडोजला ओळखीच्या जोडणीवर जोडली, एक छोटी रिकामी डिस्क व्हर्टिओवर दिली, मशीन चालू करून ड्रायव्हर चढवला, बंद केलं आणि मूळ डिस्क व्हर्टिओवर हलवली. पुढच्या बूटला लॉगिनचा पडदा आला.