जीवरासायनिक विक्रियांचे डेटाबेस

जीवरासायनिक विक्रियांचे डेटाबेस : सजीवांत घडणाऱ्या रासायनिक विक्रिया, त्यांत भाग घेणारी संयुगे, त्या घडवून आणणारी एंझाइमे आणि या सर्वांना आधार देणारे शोधनिबंध यांची संगणकीय नोंद. औषधनिर्मिती, किण्वन उद्योग, जीनोमचा अर्थ लावणे व चयापचयाची गणिती प्रतिमाने यांसाठी त्यांचा नित्य वापर होतो.

आरंभ : पहिला डेटाबेस कोणता, याबद्दल मतभेद आहेत. १९५० च्या दशकात नवी एंझाइमे झपाट्याने सापडू लागली आणि शोधणारा आपल्या मर्जीने नाव देई. ‘जुने पिवळे एंझाइम’ हे आधीच्या १९३० च्या दशकातले नाव अशाच मनमानी नामकरणाची खूण. त्यामुळे आंतरराष्ट्रीय जीवरसायनशास्त्र संघाने १९५६ मध्ये एंझाइम आयोग नेमला. आयोगाचा अहवाल १९६१ मध्ये निघाला व त्यात ७१२ एंझाइमे होती. १९९२ च्या छापील आवृत्तीत ती ३,१९६ झाली. मॅल्कम डिक्सन व एडविन वेब यांच्या १९५८ च्या ग्रंथातील कोष्टक त्याही आधीचे. लीड्स येथील डॉनल्ड निकल्सन आणि बोरिंगर मानहाइम या कंपनीतील गेऱ्हार्ड मिशाल यांनी काढलेले चयापचयाचे भिंतीवरचे तक्ते हीही एक पूर्वपीठिका मानतात. मात्र तक्ता पाहता येतो, त्याला प्रश्न विचारता येत नाही.

संगणकीय संकलनांत रशियातील पुश्चिनो येथे येव्गेनी सेल्कोव्ह यांनी बहुधा १९८० च्या दशकात हाती घेतलेल्या संग्रहाचा उल्लेख पाश्चात्त्य लेखनात क्वचितच येतो. जर्मनीतील ब्राउनश्वाइक येथे डीटमार शोमबुर्ग यांनी १९८७ मध्ये ‘ब्रेंडा’ हा एंझाइमांचा डेटाबेस सुरू केला. तो आधी ग्रंथमाला म्हणून छापला जाई. पीटर कार्प व मोनिका रायली यांचा ‘इकोसाइक’ (केवळ एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूपुरता) १९९० च्या दशकाच्या प्रारंभीचा, तर मिनोरू कानेहिसा यांचा क्योतो येथील ‘केग’ (जनुके व चयापचयमार्ग यांचा) १९९५ चा. एंझाइमांची यादी हाच निकष धरला, तर मान १९६१ च्या अहवालाकडे जातो. परंतु विक्रिया ही एंझाइमापासून वेगळी, स्वतःचा क्रमांक असलेली वस्तू मानणे हा निकष अधिक नेमका वाटतो आणि त्यानुसार आरंभ इकोसाइक व केग यांपाशी ठेवावा लागतो.

ईसी क्रमांकाच्या मर्यादा : आयोगाचा चार भागांचा ईसी (एंझाइम कमिशन) क्रमांक प्रथिनाला नव्हे, तर त्याने घडवलेल्या विक्रियेला दिलेला असतो. ईसी १.१.१.१ खाली (अल्कोहॉल डीहायड्रोजनेज) परस्परांशी नाते नसलेली प्रथिने येतात, आणि एकाच क्रमांकाखाली शेकडो प्रत्यक्ष विक्रियाही बसतात. कारण तेथे ‘एक प्राथमिक अल्कोहॉल’ एवढेच लिहिलेले असते. क्रमांक स्थिरही नसतात. एटीपी हे पेशीतील ऊर्जावाहक संयुग बनवणाऱ्या एटीपी सिंथेज या एंझाइमाचा क्रमांक ३.६.१.३४ होता, पुढे तो ३.६.३.१४ झाला आणि २०१८ मध्ये ट्रान्सलोकेजांचा (पटलापलीकडे आयन वा रेणू नेणाऱ्या एंझाइमांचा) सातवा वर्ग निर्माण झाल्यावर ७.१.२.२ झाला. रद्द झालेला क्रमांक पुन्हा कोणाला देत नाहीत, ही शिस्त मात्र आयोगाने कटाक्षाने पाळली आहे. अधिकृत यादी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ‘एक्सप्लोरएन्झ’ या नावाने सांभाळली जाते. नवी नोंद पक्की करण्यापूर्वी ती आक्षेपांसाठी खुली ठेवतात.

समतोलित समीकरणाचा प्रश्न : विक्रियेच्या दोन्ही बाजूंना अणू व विद्युत् भार सारखे असावेत, ही अपेक्षा साधी वाटते, व्यवहारात बहुतेक वाद येथेच होतात. पाठ्यपुस्तकात एटीपी व पाणी यांपासून एडीपी (एक फॉस्फेट गट कमी असलेले संयुग) व फॉस्फेट मिळते. आयन धरून लिहिले, तर चार ऋण भारांच्या एटीपीपासून तीन ऋण भारांचा एडीपी, दोन ऋण भारांचे फॉस्फेट व एक प्रोटॉन मिळतो. पहिल्या समीकरणात प्रोटॉन नाही, दुसऱ्यात आहे. आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिले जीवरासायनिक समीकरण होय. त्यात ‘एटीपी’ म्हणजे त्याच्या सर्व आयनरूपांची बेरीज असते व पीएच मूल्य ठरावीक धरल्यामुळे हायड्रोजनाचा हिशेब ठेवत नाहीत. दुसरे रासायनिक समीकरण. हा भेद रॉबर्ट अल्बर्टी यांनी आग्रहाने मांडला आणि १९९४ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत तो स्वीकारला गेला.

स्वित्झर्लंडमधील जैवमाहितीशास्त्र संस्थेत सांभाळला जाणारा ‘रिया’ हा डेटाबेस दुसरा मार्ग धरतो. पीएच मूल्य ७.३ असताना संयुगाचे जे रूप प्रमुख असेल तेच लिहायचे, असा त्याचा नियम आहे. वरील विक्रिया तेथे १३०६५ या क्रमांकावर आहे. तिच्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे व उभयदिश या रूपांना पुढचे तीन क्रमांक आहेत. प्रमुख रूप निवडणे हाही अर्थात संकेतच. फॉस्फेटाचे दुसरे पीकेए मूल्य (ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी दुसरा प्रोटॉन सोडलेला असतो ते) विरल द्रावणात ७.२ च्या आसपास असते, म्हणजे पीएच ७.३ ला त्याची दोन रूपे जवळजवळ निम्मी-निम्मी असतात. त्या पीएचला एक पूर्ण प्रोटॉन प्रत्यक्षात सुटत नाही. शिवाय पेशीतील बहुतेक एटीपी मॅग्नेशियमाशी बांधलेला असतो. त्याची दखल समीकरणात घेतली जात नाही. तरीही प्रतिमाने रचणाऱ्यांना रियाचा मार्ग अधिक सोयीचा ठरला आहे, कारण असमतोल विक्रिया प्रतिमानात शिरली की गणितात शून्यातून एटीपी तयार होऊ लागतो. प्रथिनांच्या ‘युनिप्रॉट’ या डेटाबेसानेही २०१८ च्या अखेरीस एंझाइमांच्या नोंदींसाठी रियाचा अंगीकार केला.

संयुगांची ओळख : ‘ग्लुकोज’ म्हणजे नेमके काय? केगमध्ये सर्वसाधारण डी-ग्लुकोज, अल्फा रूप व बीटा रूप यांना तीन वेगळे क्रमांक आहेत. एका संग्रहातील विक्रिया सर्वसाधारण रूपाने लिहिलेली आणि दुसऱ्यातील बीटा रूपाने लिहिलेली असेल, तर संगणकाला त्या दोन भिन्न विक्रिया वाटतात. केग बहुतांशी भाररहित रूपे देतो, रिया ‘चेबी’ या संयुगकोशातील आयनरूपे घेतो. असे संग्रह एकमेकांशी जुळवण्यासाठी ‘मेटानेटएक्स’सारखे मध्यस्थ उभे राहिले. मेदी पदार्थ व बहुवारिके यांत अडचण वाढते, कारण शृंखलेची लांबी ठरलेली नसते; तेथे ‘न’ एकके असे लिहून वेळ मारून न्यावी लागते.

संपादन : मुख्य काम हाताने होते. संपादक शोधनिबंध वाचतो, सब्स्ट्रेट (ज्यावर एंझाइम क्रिया करते तो पदार्थ) व उत्पादिते यांच्या संरचना काढतो, समीकरण जुळवतो आणि प्रयोग शुद्ध केलेल्या एंझाइमावर झाला की पेशींच्या अर्कावर, हे तपासतो. अर्कावरील पुराव्याला कमी वजन दिले जाते. प्रथिनक्रमांच्या (प्रथिनांतील अमिनो आम्लांच्या क्रमांच्या) साम्यावरून कार्य ठरवणे स्वस्त पडते, पण धोक्याचे असते. २००९ मध्ये ३७ एंझाइम कुलांच्या तपासणीत स्विस-प्रॉट या युनिप्रॉटच्या हस्तसंपादित विभागातील चुका बहुतेक कुलांत शून्याजवळ आढळल्या. जेनबँक हा क्रमांचा संग्रह, ट्रेंबल हा युनिप्रॉटचा स्वयंचलित विभाग व केग यांत मात्र त्यांचे सरासरी प्रमाण महाकुलागणिक (संबंधित कुलांच्या गटागणिक) ५ ते ६३ टक्क्यांच्या दरम्यान होते. चुकीची नोंद एकदा शिरली की तिच्यावरून पुढच्या नोंदी होत जातात. याच्या उलट टोकाला ‘अनाथ एंझाइमे’ आहेत : विक्रिया प्रयोगाने सिद्ध, ईसी क्रमांकही मिळालेला, पण प्रथिनक्रम अज्ञात. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी सुमारे एक-तृतीयांश ईसी क्रमांक या अवस्थेत होते.

निर्वाह : संशोधन अनुदाने नव्या शोधाला मिळतात, जुन्या नोंदी झाडूनपुसून ठेवायला मिळत नाहीत. केगने जुलै २०११ पासून संपूर्ण संग्रह उतरवून घेण्यासाठी वर्गणी लावली. संकेतस्थळ पाहणे खुले राहिले. इकोसाइक ज्यात मोडतो त्या बायोसाइक गटातील बहुतेक संग्रहही पुढे वर्गणीवर गेले. रिया मुक्त परवान्यावर आहे.

ऊष्मागतिकी माहिती : ही बाजू सर्वांत दुबळी आहे. विक्रियेची दिशा ठरवण्यासाठी समतोल स्थिरांक (विक्रिया स्थिरावल्यावर उत्पादिते व सुरुवातीचे पदार्थ यांचे गुणोत्तर) लागतो, पण प्रयोगाने मोजलेले स्थिरांक थोड्याच विक्रियांचे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत रॉबर्ट गोल्डबर्ग व सहकाऱ्यांनी ते जुन्या वाङ्मयातून वेचून एकत्र केले. उरलेल्या विक्रियांसाठी रेणूतील अणुगटांच्या योगदानावरून अंदाज बांधतात. ‘इक्विलिब्रेटर’ हे संगणकीय साधन असे अंदाज त्रुटीच्या मर्यादेसह देते. धातुयुक्त सहघटक असलेल्या विक्रियांत ते कमी विश्वसनीय असतात.