तरंगणारं लाकूड निकामी नसतं

"पाण्यात तरंगतं ते लाकूड निकामी, चांगलं लाकूड टाकताक्षणी बुडतं," असं मासे पाळणाऱ्यांत टाकीत सजावटीला ठेवायच्या लाकडाबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं वाटणं साहजिक आहे, पण तरंगण्याचं कारण वेगळंच आहे.

लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतात. वाळलेल्या लाकडाला वर धरते ती बारीक पोकळ्यांतली हवा. तिची जागा पाण्यानं घेतली की लाकूड बुडतं. जाड ओंडक्याला त्यासाठी कित्येक आठवडे लागू शकतात. उकळल्यानं काम लवकर होतं, पण लाकूड त्याच पाण्यात बुडवून गार होऊ द्या. गार होताना आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. गरम असतानाच बाहेर काढलं तर हा सगळा फायदा हातचा जातो, आणि नेमकी हीच चूक फार होते.

पडताळायचंय? लाकूड बादलीत दगडाखाली दाबून ठेवा, दर चार दिवसांनी निथळून तोला. वजन वाढत जाईल. मग एखादं टोक आधी खाली झुकलेलं दिसेल. पाणी चहासारखं तांबूस झालं तर ते टॅनिन, म्हणजे लाकडातून सुटणारं तुरट द्रव्य; माशांना त्याचा सहसा त्रास होत नाही.

खरंच टाकाऊ लाकूड ओळखायचं ते नखानं: नख सहज रुतलं आणि कुजका वास आला, तर ते टाकीत घालू नका.