फायरवॉलच्या आतून फाइल पाठवताना

एप्रिल १९७१. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून शिकून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याच्या नियमांचा मसुदा लिहिला. तोच पुढे एफटीपी म्हणून जगभर गेला. त्यात एक पद्धत रुळली : आपण सर्व्हरशी जोडणी उघडायची, ‘माझा पत्ता हा, पोर्ट (म्हणजे यंत्रावरच्या दाराचा क्रमांक) हा’ असं कळवायचं, आणि मग प्रत्यक्ष फाइल द्यायला सर्व्हरने उलट आपल्याकडे दुसरी जोडणी उघडायची. नेटवर्कवर मोजकीच, बहुतेक ओळखीची मंडळी होती. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

पुढे नेटवर्कच्या वेशीवर ये-जा तपासणाऱ्या फायरवॉल आल्या आणि गाडी इथेच अडली. आतून कुणी विनंती केली असेल तर तिचं उत्तर आत सोडायचं, न बोलावता आलेल्याला परत पाठवायचं, हा फायरवॉलचा नेहमीचा नियम. बिचारा सर्व्हर मागितलेलीच फाइल घेऊन यायचा, पण फायरवॉलच्या लेखी तो उपराच. लॉगिन व्यवस्थित होई, फाइलींची यादी मागितली की सगळं ठप्प. फेब्रुवारी १९९४ मध्ये नेटवर्क-सुरक्षेचे संशोधक स्टीव्हन बेलोविन यांनी सुचवलं की एफटीपीत आधीपासून असलेली ‘पॅसिव्ह’ पद्धतच सर्रास वापरावी. म्हणजे दुसरी जोडणीसुद्धा आपणच आतून उघडायची. नंतर निघालेल्या बहुतेक सगळ्या युक्त्यांचं मूळ हेच आहे.

पण समोरचाही भिंतीआड असेल तर? इंटरनेटवर यंत्रांना पत्ते देण्याची जुनी पद्धत आयपीव्ही४. तिचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर १९९४ मध्येच नॅटची कल्पना पुढे आली : घरातली सगळी यंत्रं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवायची. कुणी बाहेर पडलं की राउटर सोसायटीच्या वॉचमनसारखी वहीत नोंद करतो आणि उत्तर आलं की नोंद पाहून आत सोडतो. नोंद नसेल तर प्रवेश नाही.

ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटोरंटला, म्हणजे लोकांनी फाइलचे तुकडे थेट एकमेकांकडून घेण्याच्या पद्धतीला, याचा फटका बसतो. तिथे प्रत्येक जण देणाराही असतो आणि घेणाराही. लिनक्सची एखादी आवृत्ती उतरवताना आपलं पोर्ट बंद असेल तर काम थांबत नाही, पण ज्यांचं पोर्ट उघडं आहे त्यांनाच आपण गाठू शकतो. दोन बंद दारं एरवी एकमेकांना भेटत नाहीत. फाइल देणारे मोजकेच असले की हे चांगलंच जाणवतं.

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करणं, म्हणजे अमुक पोर्टवर आलेलं अमुक यंत्राकडे सोड असं आधीच सांगून ठेवणं, हा जुना इलाज. राउटरमधली यूपीएनपी ही सोय चालू असेल तर प्रोग्राम स्वतःच राउटरला सांगून पोर्ट उघडून घेतो. सोयीचं आहे, पण घुसलेलं एखादं मालवेअरही तेच करू शकतं. माझं मत विचाराल तर यूपीएनपी बंदच ठेवावं. आणि राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर या दोन्ही खटपटी फुकट. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एका मोठ्या नॅटमागे बसवलेलं असतं, आणि त्या नॅटवर आपला हात पोचत नाही.

मग उरतं ‘होल पंचिंग’, आणि ते फार गमतीचं आहे. दोघेही आधी एका उघड्या सर्व्हरशी बोलतात. बाहेरून आपला पत्ता आणि पोर्ट काय दिसतं हे तो दोघांना सांगतो आणि एकाची माहिती दुसऱ्याला देतो. मग दोघेही साधारण एकाच वेळी एकमेकांना यूडीपीचं, म्हणजे आधी जोडणी न करता थेट पाठवता येणारं, माहितीचं पाकीट धाडतात. पहिलं पाकीट समोरच्या दारात बहुधा मरतं. पण जाताना आपल्या राउटरच्या वहीत नोंद करून जातं. तेवढंच हवं असतं. आता समोरून येणारं पाकीट उत्तर समजून आत घेतलं जातं. दोन्ही राउटरांना वाटतं, सुरुवात आपल्याच माणसाने केली. ब्रायन फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासलेल्या नॅटपैकी सुमारे ८२ टक्क्यांवर यूडीपीने हे जमलं, आधी जोडणी करून मगच माहिती पाठवणाऱ्या टीसीपीने सुमारे ६४ टक्क्यांवर. नोंद थोड्या वेळात पुसली जाते, म्हणून अधूनमधून रिकामं पाकीट पाठवत राहावं लागतं. बिटटोरंटमध्ये तर दोघांशी आधीच जोडलेला तिसरा सभासदच ही ओळख करून देऊ शकतो.

काही नॅट मात्र प्रत्येक नव्या पत्त्यासाठी वेगळं पोर्ट देतात. तिथे सर्व्हरने सांगितलेलं पोर्ट उपयोगाचं राहत नाही. काही कचेऱ्यांत यूडीपीच बंद, आणि वेबसाठी लागणारं ४४३ क्रमांकाचं पोर्ट तेवढं चालू. अशा वेळी मधला रिले सर्व्हर घ्यावा लागतो : दोघेही आतून त्याच्याशी जोडले जातात आणि सगळी फाइल त्याच्यामार्फत जाते. वेग कमी, बँडविड्थचा खर्च रिले चालवणाऱ्यावर. यंत्रांमधल्या फाइली एकसारख्या ठेवणाऱ्या सिंकथिंग या प्रोग्राममध्ये असा रिले असतो आणि मजकूर कूटबद्ध असल्याने त्याला तो वाचता येत नाही. अर्थात कचेरीची भिंत कुणीतरी विचार करून बांधलेली असते. तिथे आधी नेटवर्क सांभाळणाऱ्याला विचारावं.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्ते १२८ बिटांचे, त्यामुळे नॅटची गरज संपते. जिओसारख्या कंपन्यांमुळे भारतात त्याचा वापर भरपूर आहे. पण घरचे बरेच राउटर आयपीव्ही६वरही बाहेरून आलेल्याला मुळातच अडवतात. तेव्हा आधी दोघांनी एकमेकांना पाकीट धाडण्याचा खेळ तिथेही खेळावा लागतो. फक्त पत्ता आणि पोर्ट वाटेत बदलत नसल्याने नेम सहसा चुकत नाही.