स्पिट्झचे आकार आणि ‘पॉमेरियन’ हे नाव : पार्श्वभूमी

सोलापुरात स्पिट्झला स्पिट्झ म्हणणारे थोडेच. रेल्वे लाइन्स असो, विजापूर रोड असो की जुळे सोलापूर, पांढरा, टोकदार तोंडाचा, पाठीवर शेपटी वळवलेला कुत्रा दिसला की तो ‘पॉमेरियन’, म्हणजे पॉमेरेनियनचा इथला उच्चार. अलीकडे दोन-अडीच किलोची, नारिंगी रंगाची, आखूड तोंडाची पिल्ले शहरात येऊ लागली, आणि घरात दहा-बारा वर्षे स्पिट्झ सांभाळलेल्या माणसांना ऐकावे लागते, ‘तुमचा ओरिजिनल नाही हो, मिक्स आहे.’ हे धादांत चूक आहे.

स्पिट्झ ही मध्य युरोपातली जुनी राखणदार जात. शेत, अंगण, मालाची गाडी, नदीतली नाव राखायची आणि परका दिसला की भुंकून गाव जागे करायचे, हे तिचे काम. वंश एक, पण आकार अनेक. 1899 मध्ये जर्मनीत या जातीचा क्लब निघाला आणि आकारांची वाटणी कागदावर पक्की होत गेली. आज आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या एकाच मानकात तिचे पाच प्रकार आहेत. खांद्यापाशी मोजलेली उंची वुल्फस्पिट्झची 43 ते 55 सेंटिमीटर, ग्रॉसस्पिट्झची 40 ते 50, मिटलस्पिट्झची 30 ते 40, क्लाइनस्पिट्झची 24 ते 30 आणि झ्वेर्गस्पिट्झची 18 ते 24. पहिल्या दोघांची मापे एकमेकांत शिरतात, तिथे रंगाचा निकष लागतो. वुल्फस्पिट्झ फक्त करडा. वजनाचा आकडा मात्र मानकात नाही, ते उंचीला साजेसे असावे एवढेच म्हटले आहे. पॉमेरेनियन म्हणजे या पाचांतला शेवटचा, सर्वांत लहान.

गोंधळ ब्रिटनमध्ये झाला. पोमेरेनिया हा बाल्टिक किनाऱ्यावरचा प्रदेश, आज जर्मनी आणि पोलंडमध्ये वाटला गेलेला. अठराव्या शतकात तिथले म्हणून जे कुत्रे ब्रिटिश राजवाड्यात आले ते चांगले थोराड होते. त्या काळच्या तैलचित्रांत ते दिसतात आणि आजच्या पॉमशी, म्हणजे पॉमेरेनियनशी, त्यांचे माप अजिबात जुळत नाही. 1888 मध्ये ब्रिटनच्या राणीने फ्लॉरेन्समध्ये लहान चणीचा एक कुत्रा घेतला. तो ‘लहान’ कुत्राही सुमारे 12 पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास होता. राणीने पाळले ते लोकांनी पाळले आणि लहानातून आणखी लहान काढण्याची चढाओढ सुरू झाली. प्रदर्शनांत वजनावरून दोन वर्ग पडले. सीमा अखेर 7 पौंडांवर, सव्वातीन किलोच्या जवळ, आली. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास 7 पौंडांवरच्या कुत्र्यांना विजेतेपदाची प्रमाणपत्रे देणेच बंद झाले.

या जातीच्या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त निर्णय माझ्या मते हाच. कुत्रा बदलला नव्हता, बक्षीस बदलले होते. बक्षीस नाही म्हटल्यावर मोठ्या आकाराची पैदास कोण करणार? काही वर्षांत तो ब्रिटनमधून नाहीसा झाला. जे नाव मुळात मोठ्या कुत्र्याचे होते ते एकट्या लहानाच्या नावावर जमा झाले. मग 1970च्या दशकात तिथल्या हौशी मंडळींना मधल्या आकाराचे स्पिट्झ हॉलंडमधून आणावे लागले आणि 1985 मध्ये ते ‘जर्मन स्पिट्झ’ या वेगळ्या नावाने नोंदले गेले. म्हणून आज ब्रिटनमध्ये पॉमेरेनियन, क्लाइन आणि मिटल या तीन स्वतंत्र जाती, तर जर्मनीत हे तिन्ही एकाच जातीचे आकार. या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की त्यामुळे लहान आकार स्थिर झाला. ते खरे आहे. पण त्याची किंमत मोठ्या भावंडाने मोजली, हे त्याच वाक्यात सांगायला हवे.

आपल्याकडे स्पिट्झ आले ते ब्रिटिश अमलात, आणि पॉमेरेनियन हे नावही त्यांच्याबरोबरच. इथे त्यांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या झाली, उन्हाळा सोसतील असे कुत्रे टिकले आणि इंडियन स्पिट्झ तयार झाला. 1980 आणि 90च्या दशकांत परदेशी कुत्री आणणे सोपे नव्हते. स्पिट्झ मात्र भात-पोळी-दुधावर, दोन खोल्यांच्या घरातही राहायचा. 1994 च्या एका तुफान चाललेल्या हिंदी चित्रपटात तो झळकला आणि मागणी घरोघर गेली. सोलापुरातला ‘पॉमेरियन’ बहुतेक याच लाटेतला आहे. तो कोणाची नक्कल नव्हे.

त्याचेही दोन आकार मानले जातात. लहान साधारण 22 ते 25 सेंटिमीटर आणि 5 ते 7 किलो, मोठा 35 ते 45 सेंटिमीटर आणि 12 ते 20 किलो. आता 30 सेंटिमीटरचा, नऊ किलोचा कुत्रा कुठे बसवायचा? आपल्या गल्ल्यांत दिसणारे कितीतरी स्पिट्झ नेमके याच फटीत पडतात. जर्मन मापाने त्यातला प्रत्येक जण क्लाइन किंवा मिटलमध्ये बसेल. इथे त्याला कोणताच वर्ग नाही, म्हणून त्याला मिक्स ठरवतात. दोष कुत्र्याचा नाही, रेषा आखताना मधली जागा मोकळी सोडली गेली आहे.

ही मोकळी जागा बाजाराने भरली. ‘कल्चर पॉम’, ‘मिनी पॉम’, ‘टीकप’ ही नावे विक्रेत्यांची आहेत, कोणत्याही मानकातली नाहीत. 2016 मध्ये पैदाशीच्या धंद्यासाठी कुत्री आयात करण्यावर बंदी आली, तरी लहान आकाराची मागणी कमी झाली नाही. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, पण महिन्याभराचे पिल्लू तळहातावर ठेवून ‘एवढाच राहणार’ असे सांगणारे आजही भेटतात. त्या वयात स्पिट्झचा मोठेपणीचा आकार छातीठोक सांगता येत नाही. एकाच वेतातली भावंडेही वेगवेगळ्या मापाची निघतात.

लहानपणाच्या हव्यासात सर्वांत जास्त सोसते ती मादी. अगदी लहान चणीच्या मादीला पिल्ले एक-दोनच होतात, पोटात त्यांचे डोके मोठे राहते आणि बाळंतपण सिझेरियनवर जाते. पिल्लांत रक्तातली साखर एकाएकी उतरणे, मोठेपणी गुडघ्याची वाटी सरकणे, श्वासनलिका दबणे हे त्रास तळाच्या आकारात जास्त दिसतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दबलेल्या श्वासनलिकेचा कुत्रा धापा टाकूनही अंग थंड करू शकत नाही. मग मालक केस मुळापासून काढतात. वर लांब आणि खाली दाट मऊ अशा दुहेरी केसांच्या या जातीत ते पुष्कळदा नीट परत येत नाहीत आणि कातडी उन्हात उघडी पडते.

मोठ्या आकारांची अवस्था दोन्हीकडे वाईट आहे. जर्मनीत ग्रॉसस्पिट्झ आणि मिटलस्पिट्झ धोक्यात आलेल्या पाळीव जातींच्या यादीत गेले आहेत. इंडियन स्पिट्झला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यताच नाही, त्यामुळे तिथे त्याची मोजदादही होत नाही. सोलापुरात जे उरले आहेत त्यांची वेते बहुतेक घरगुती, कागदाशिवायची. निदान आई-बापाची खांद्याची उंची आणि वजन लसीच्या कार्डावर लिहून घेतले, तर पुढच्या पिल्लाचा आकार विक्रेत्याच्या शब्दावर ठरणार नाही.