पूर्ण भूल देऊन केलेले बालदंतोपचार

मुलाला पूर्ण बेशुद्ध करून त्याच्या तोंडातील सर्व आवश्यक दंतोपचार एकाच बैठकीत उरकण्याची रुग्णालयीन पद्धत. लहान वयातच पसरलेली दंतकीड हे तिचे सर्वांत नेहमीचे कारण होय. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात आधी किडतात, मग दाढा. खालचे पुढचे दात मात्र जिभेच्या आडोशाने व लाळेमुळे बहुधा वाचतात. अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या अशा आठ-दहा दातांवर खुर्चीत बसवून इलाज करायचा, तर अनेक खेपा घालाव्या लागतात आणि तेवढा धीर त्या वयात नसतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीही ही पद्धत वापरतात. मूल रडते एवढ्यावरून मात्र भूल देणे उचित नव्हे. समजावणे, नायट्रस ऑक्साइड (हुंगवून सौम्य गुंगी आणणारा वायू), कीड थोपवणारे (आणि दात काळा करणारे) सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे पर्याय आधी पाहावे लागतात.

भूलशास्त्राचा पाया घालणारे हॉरेस वेल्स (१८४४) आणि विल्यम मॉर्टन (१८४६) हे दोघेही अमेरिकी दंतवैद्यच होते. पुढे दवाखान्याच्या खुर्चीतही पूर्ण भूल दिली जाई. ब्रिटनमध्ये २००१ अखेरपासून ती फक्त रुग्णालयातच देता येते.

भुलीआधी मुलाला सहा तास घन आहार, चार तास आईचे दूध आणि साधारण दोन तास पाणी देत नाहीत. भूलतज्ज्ञ बहुधा मास्कमधून सेव्होफ्लुरेन हुंगवून मुलाला झोपवतो, मग सलाइनची सुई लावतो. तोंड मोकळे राहावे म्हणून श्वासाची नळी शक्यतो नाकातून घालतात. रक्त व पाणी खाली उतरू नये म्हणून घशात ओली गॉजपट्टी ठेवली असेल, तर ती काढल्याची नोंद काटेकोरपणे करतात, कारण विसरलेली पट्टी श्वासमार्ग बंद करू शकते.

इथे उपचारांचा आराखडा खुर्चीतल्यापेक्षा कठोर असतो. साधे सिमेंट पुढे निखळले तर पुन्हा भूल द्यावी लागेल, म्हणून बरीच किडलेली दुधाची दाढ थेट स्टीलच्या टोपीने झाकतात आणि टिकण्याची शंका असलेला दात काढूनच टाकतात. पालकांना हे अनेकदा टोकाचे वाटते. परंतु भुलीने कीड होण्याची कारणे जात नाहीत आणि बऱ्याच मुलांत ती पुन्हा उद्भवते.

जाग येताना मूल काही वेळ अनावर रडते, हातपाय झाडते. उलटी, घसा बसणे, नाकातून थोडे रक्त येणे हेही घडते. निरोगी मुलात गंभीर गुंतागुंत विरळ असते. तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून अधिक वेळ दिलेल्या भुलीचा मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. तान्हेपणी एकदाच, तासाभराहून कमी भूल मिळालेल्या मुलांच्या बुद्धिमत्तेत पाचव्या वर्षी फरक आढळला नाही, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासातून दिसले.