डिंगी सेलिंग आलं कुठून?

डिंगी सेलिंग म्हणजे छोट्या शिडाच्या बोटी चालवणं. डिंगी हा शब्द इंग्लिश वाटतो, पण तो इथूनच तिकडे गेलाय. हिंदी-बंगालीत डिंगी म्हणजे छोटी होडी, ती इंग्रज खलाशांनी उचलली. तेव्हा तिच्याकडे हमालीच होती, जहाज खोल पाण्यात नांगरलं की माणसं आणि सामान काठावर पोचवायचं. मौजेसाठी शिडाच्या बोटी होत्या, पण त्या बड्या लोकांच्या यॉट, पगारी खलाशी ठेवून चालवायच्या. आणि रेस लावली तरी ज्याच्याकडे पैसा तो दरवर्षी आणखी वेगवान बोट बांधून घेणार नि जिंकणार, मग बाकीच्यांनी करायचं काय?

यावर १८८७ मधे डब्लिनजवळच्या काही जणांनी साधा तोडगा काढला, सगळ्यांच्या बोटी एकाच मापाच्या. वॉटर वॅग म्हणतात त्या बोटींना, नंतर डिझाइन बदललं पण त्यांच्या रेस आजही होतात. वन-डिझाइन क्लास (क्लास म्हणजे एकाच नियमाखाली रेस करणाऱ्या बोटींचा गट) ही कल्पना तिथली, आणि माझ्या मते डिंगीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, कारण बोट सारखी असली की हरल्यावर बोटीवर खापर फोडता येत नाही.

वेगाचं काम मात्र मोकळ्या नियमांच्या क्लासनी केलं, जिथे ठरलेल्या मर्यादेत बोटीचा आकार बदलायची मुभा असायची. इंग्लिश बोट-डिझायनर उफा फॉक्सने १९२८ मधे अॅव्हेंजर बांधली, १४ फुटी, तळ पुढून व्ही आकाराचा आणि मागे सपाट होत गेलेला. चांगला वारा मिळाला की ती पाणी कापत बसायची नाही, वर उचलली जाऊन पाण्यावरून घसरत सुटायची (सपाट दगड तिरका भिरकावल्यावर टप्पे घेतो ना, साधारण तसं). त्या वर्षी ५७ रेसमधे ५२ वेळा पहिली! मग १९३८ मधे पीटर स्कॉट आणि जॉन विंटर यांनी ट्रॅपीझ आणलं, म्हणजे डोलकाठीवरून आलेल्या तारेला अडकून एकाने अख्खं अंग बोटीबाहेर काढून तोल सांभाळायचा. रेस जिंकले आणि लगेच त्या १४ फुटी क्लासमधे ट्रॅपीझवर बंदी आली. आज ते कितीतरी बोटींवर सर्रास दिसतं.

सामान्य माणसाच्या हातात बोट आली ती मरीन प्लायवुड आणि पाण्याला दाद न देणाऱ्या गोंदामुळे, दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ मधे फ्लोरिडात क्लार्क मिल्सने पोरांसाठी ऑप्टिमिस्ट काढली, प्लायवुडच्या दोन शीटमधून निघेल अशी, म्हणून तिचं नाक चपटं, दिसायला अगदी खोकं. आजही जगभरातली मुलं त्यातच शिकतात. मग १९६२ ची मिरर, डेली मिरर पेपरने पुढे आणलेली लाल शिडाची, किट ६३ पौंड ११ शिलिंगला. प्लायच्या तुकड्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने टाके घालायचे, सांध्यावर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन, वाळलं की बाहेरच्या तारा कापून टाकायच्या, झाली बोट. सुतारकाम न येणाऱ्यांनीही घरी बांधल्या, ७०,००० च्या वर झाल्या म्हणे.

मग फायबरग्लास आलं आणि बांधण्याची मजा गेली, पण लेसर नावाची डिंगी मिळाली. १९६९ मधे इयन ब्रूसने बोट-डिझायनर ब्रूस कर्बीला फोनवर विचारलं, गाडीच्या टपावर नेता येईल अशी बोट होईल का, आणि कर्बीने बोलता बोलताच स्केच काढलं. एक शीड, एक माणूस, हल (शीड-डोलकाठी सोडून नुसतं बोटीचं अंग) ५९ किलोचा. आधी नाव होतं वीकेंडर. १९७१ मधे न्यूयॉर्कच्या बोट शोमधे ६९५ डॉलरला आली, तुफान खपली, १९९६ पासून ऑलिंपिकमधे. पुढे ट्रेडमार्कच्या भांडणात नाव बदलून आयएलसीए (या बोटींच्या क्लास संघटनेच्या नावाची आद्याक्षरं) झालं, पण पाण्यावर जुनी माणसं अजून लेसरच म्हणतात.